बंदूक उघडून दाखवा

पन्नास सालानंतरची गोष्ट. हिवाळा होता. आमची तुकडी पुण्याहून बारामतीला आली. मी हवालदार होतो, वेपन ट्रेनिंगचा इन्स्ट्रक्टर. हुकूम साधा होता. आधी बारामतीत आणि मग इंदापुरात लोकांना लष्कराची हत्यारं दाखवायची, भरतीची माहिती सांगायची आणि परत यायचं.

बारामतीत सगळं शिस्तीत झालं. कालव्याखालची ऊसवाली, भाजीपाल्यावाली माणसं आली, रायफल हातात घेऊन वजन बघून गेली. इंदापूरचं प्रकरण वेगळं होतं. रानडुकरांपासून पिकं राखायला ज्यांना बंदुकीचा परवाना होता, त्यांचा तिथं मेळावा भरवला होता. पुण्याचे बंदूकविक्रेते आले होते. नेमबाजीच्या शर्यती होत्या आणि शेवटी आमच्या ब्रेनगनचं, म्हणजे हलक्या मशीनगनचं, फायर. जत्रेला लोटावीत तशी माणसं लोटली होती. निम्म्यांच्या खांद्यावर बंदूक, आणि त्यांना अडवायला आडवा बांधलेला एक दोर.

आमचे सुभेदार शिंदे आदल्या दिवशीच मैदान बघून आले. म्हणाले, "आत येणारी प्रत्येक बंदूक रिकामी पाहिजे. नळी आभाळाकडं. काडतुसं गेटवर जमा. कुणीही असो."

गेट नाईक धोंडिबा चांदगुडेकडे दिलं. गाव सुपे. काश्मीरच्या लढाईत तो माझ्या सेक्शनमध्ये होता. अंगानं किरकोळ, बोलायला तिखट. गेटवर वायरलेस सेट ठेवला होता, दुसरा रेंजवर, फायरच्या जागी, माझ्याजवळ. लोकांना सेट दाखवायचा होता, पण आम्ही तो कामालाच लावला.

सकाळी जळोचीच्या कोंडाबाई आल्या. नवरा वारला होता. त्याची ठासणीची बंदूक मेळाव्यात सरकारजमा करायला त्या एकट्याच आल्या होत्या. धोंडिबानं नळीत गज घातला. तो पुरता आत गेला नाही.

"मावशी, भरलेली हाय ही."

"आगं बया! भिताडाला टांगली हुती. लेकरं खाली झोपत्यात!"

"तुमी घाबरू नका. आना हिकडं."

त्यानं नळीत पाणी ओतून दारू भिजवली, सगळा ठासा काढला आणि बाईंना गेटजवळच्या सावलीत बसवलं. त्यानंतर त्यानं आवाज चढवला. "उघडून दाखवा! उघडल्याबिगर आत न्हाय!" लोक कुरकुरले, पण उघडत होते. भरलेल्या बंदुका एकामागून एक निघत होत्या. माणसं त्या खांद्यावर टाकून पोराबाळांत फिरत होती. मला तेव्हाच संताप आला होता.

दुपारी ब्रेनगनचं पहिलं फायर झालं आणि मागची गर्दी पुढं लोटली. दोर तुटला. सेटवर धोंडिबाचा आवाज आला.

"रेंज, गेट बोलतोय. लोक आवरत न्हाईत. फायर थांबवा. ओव्हर."

सुभेदारांनी तत्काळ फायर बंद केलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मेळाव्याचे कार्यवाह धावत आले. "सुभेदार, पाहुणे आत्ता येतायत. चालू करा!"

"नाही करणार," सुभेदार म्हणाले. "हवालदार, गेटवर जा."

मी पोचलो तेव्हा पाहुण्यांची जीप गेटात उभी होती. त्यांना मी अप्पासाहेब म्हणतो. खरं नाव लिहीत नाही, त्यांच्या घरी नातवंडं आहेत. ते खाली उतरले होते. हातात दुनळी, दोन्ही घोडे चढवलेले. लोकांना ऐट दाखवायला!

"साहेब, बंदूक उघडून दाखवा," धोंडिबा म्हणाला.

"मला ओळखत नाहीस?"

"वळखतो. उघडा."

कार्यवाह मागून ओरडले, "अरे, जाऊ दे त्यांना!" मी म्हणालो, "जाणार नाहीत." तेवढ्यात मागून रेटा आला. अप्पासाहेब झोकांडी खाऊन पुढं आले आणि नळी खाली आली, थेट अजून सावलीत बसलेल्या कोंडाबाईंच्या तोंडासमोर. धोंडिबानं नळीखाली हात घालून ती वर ढकलली. अप्पासाहेबांनी बंदूक मागं ओढली. बोट घोड्याखालच्या चापावर होतं.

बार धोंडिबाच्या छातीत गेला.

त्यानंतर जे झालं त्याचा राग आजही उतरलेला नाही. बार ऐकून लोक पळाले नाहीत. बघायला धावले. एकमेकांच्या खांद्यावर चढले. आमच्या ट्रकच्या टपावर चढले. बोनेटवर माणसं, चाकापुढं माणसं. मी ओरडत होतो, "वाट द्या! ट्रक काढू द्या!" पुढचा मागच्याला सांगत होता, "लष्करवाला पडला," आणि मागचा आणखी पुढं घुसत होता. सुभेदारांनी रायफली आडव्या धरून जवान पुढं घातले तेव्हा कुठं वाट झाली. कोंडाबाईंनी पदराचा बोळा धोंडिबाच्या जखमेवर दाबून धरला होता. त्या ट्रकमध्येही तशाच चढल्या.

धोंडिबानं एकदाच विचारलं, "म्हातारीला लागलं का?"

"नाही रे."

दवाखाना येण्याआधीच तो गेला.

खटला उभा राहिला. पोलीस साक्षीदार शोधायला गावोगाव फिरले. ट्रकवर चढून बघणाऱ्यांपैकी कुणीच काही पाहिलं नव्हतं. कुणी पाणी प्यायला गेला होता, कुणी शेंगा घ्यायला. कार्यवाहांची पाठ होती म्हणे! मी जे झालं ते सांगितलं. समोरचा वकील म्हणाला, हवालदार आपल्या माणसाची बाजू घेणारच. शिपायानं बंदूक हिसकावली म्हणूनच ती उडाली.

मग कोंडाबाई उभ्या राहिल्या. जळोचीहून एसटीनं आल्या होत्या. आदल्या आठवड्यात कुणीतरी घरी येऊन त्यांना दम दिला होता.

"हिसकावली न्हाय," त्या म्हणाल्या. "नळी माझ्या तोंडावर हुती. त्येनं वर ढकलली. ह्यांनी वढली. मी डोळ्यांनी पायलंय. दम द्यायला माणूस धाडला हुता, त्यो बी मागं बसलाय. इचारा त्येला."

अप्पासाहेबांचा परवाना गेला. थोडी कैद झाली, ती अपिलात रद्द झाली. पुढच्या वर्षी ते एका समारंभात हार घालून घेताना दिसले.

मी सुप्याला गेलो. धोंडिबाचे वडील गोठ्यात होते. त्यांना आधीच कुणीतरी सांगून गेलं होतं की बंदूक चुकून उडाली.

"आपल्या आपण उडती व्हय बंदूक?" त्यांनी विचारलं.

"नाही, आबा. माणूस उडवतो."

त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणाले, "येवढं सांगाय कुनी आलं न्हवतं."

पलटणीच्या दगडावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. धोंडिबाचं नाही. नियम तसा आहे. दर वर्षी त्या दगडासमोर सलामी देताना मी शेवटच्या नावाच्या खाली, कोऱ्या जागेकडं बघतो. नाईक धोंडिबा चांदगुडे, सुपे. काश्मीरहून जिवंत परत आला आणि आपल्याच माणसांच्या गर्दीत, एका म्हातारीला वाचवताना मेला.