पातेल्यातला चुना

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि विचारलं, "बाई, पाणी पीत नाही का तुम्ही?"

सुमन, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "पिते की साहेब. पण बेतानं."

"बेतानं म्हणजे?"

आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

सोनोग्राफी झाली होती. म्हणजे पोटाला थंड चिकट काहीतरी लावून वरून मशीन फिरवतात, आतलं पडद्यावर दिसतं. दोन्ही बाजूंना मुतखडे. डाव्या किडनीला हायड्रोनेफ्रोसिस. खड्यानं वाट अडते, लघवी मागं तुंबते, किडनी फुग्यासारखी फुगते. ती कामातून गेलेली. उजवी अजून चालत होती. डॉक्टर म्हणाले, "आता हीच सांभाळायची. ही गेली तर हातात काही नाही."

हे उल्हासनगरच्या दवाखान्यात. आम्ही राहायला अंबरनाथ पूर्वेला. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

आमच्या नळाला बोअरिंगचं पाणी. जड. ज्यांनी वापरलंय त्यांना सांगायला नको. साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही, केसांच्या जटा. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरी खपली धरायची. सुमन चिंच लावून घासायची, मग उलथन्यानं खरवडायची. शेजारची सिंधी भाभी म्हणायची, "ये पानी नहीं, चूना है चूना! पातेल्यात एवढा बसतो, तर पोटात किती बसेल?" झालं. सगळ्या बायकांनी तेच धरलं. नळाचं प्यायचं नाही, खडा होतो.

मी कारखान्यातून सायकलला कॅन लावून गोडं पाणी आणायचो. त्यातलं आधी डाळीला, मग चहाला, मग आल्यागेल्याला. उरलं तर सुमनला. भर उन्हाळ्यात ही घोट घोट पिऊन राहायची. कंबरेत कळ आली की ओवा चावायची. लघवीला जळजळ झाली की म्हणायची, उष्णता झाली.

हे ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, पातेल्यातला चुना वेगळा, किडनीतला खडा वेगळा. पाणी जड होतं तरी भरपूर प्यायला हवं होतं. कमी पाणी प्यायलं की खडे धरतात."

म्हणजे खडा होऊ नये म्हणून जे केलं, त्यानंच घात केला.

ऑपरेशन करून उजवीकडचे खडे काढले. वॉर्डात पडल्या पडल्या सुमन म्हणते, "अहो, दगड झाले, चुना झाला. आता विटा तेवढ्या आणा, पोटात एक खोली निघेल." बाजूच्या खाटेवरची बाई टाके धरून हसली.

घरी आल्यावर गोडं पाणी पुरेना. मग नळाचं उकळून, गाळून तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवायचो. संध्याकाळी तांब्या रिकामा. मला बरं वाटायचं. एक दिवस गॅलरीतल्या तुळशीकडे लक्ष गेलं. कुंडीतली माती वरून पांढरी पडलेली.

"सुमन, तुळशीला किडनी नसते."

"तुम्हाला बोलायला काय जातंय? पातेलं रोज मी घासते. डॉक्टर घासतात? का तुम्ही घासता?"

डॉक्टरांनी फिल्म बघितली होती, हिनं पातेलं बघितलं होतं.

मग मीच तिच्यासमोर बसून नळाचं पाणी प्यायला लागलो. एक पेला मी, एक ती. म्हटलं, "मला खडा झाला तर शेजारची खाट माझी." तोंड वाकडं करून का होईना, प्यायली. बरेच महिने प्यायली.

पण उजव्या किडनीलाही आधीच मार बसला होता. पाय सुजले. अन्न जाईना. क्रिएटिनीन वाढलं. म्हणजे रक्तातली घाण, जी किडनीनं बाहेर टाकायची असते. मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डायलिसिस. मशीनमधून रक्त धुवून परत अंगात सोडतात. ती आत, मी बाहेर बाकड्यावर. बसून बसून माझीही कंबर गेली.

तिथले डॉक्टर म्हणाले, "आता पाणी मोजून द्यायचं. लघवी होत नाही, पाणी अंगात साठतं, छातीत चढतं."

जिला पाणी पाजायला एवढा जीव टाकला, तिच्या हातातला पेला आता मीच काढून घ्यायचा.

शेवटी शेवटी ओठांना ओला कापूस लावायचो. एकदा म्हणाली, "अहो, घोटभर द्या ना. नळाचं असलं तरी चालेल."

नाही दिलं.

ती गेली. डॉक्टरांनी खरं ते तोंडावर सांगितलं, वॉर्डातल्या मावशींनी तिचं सगळं केलं, त्यांचे उपकार आहेत. पण नुसते आभार मानायला मी लिहायला बसलो नाही. मला लिहायची सवयही नाही. तुमच्या घरात कोणी बेतानं पाणी पीत असेल तर बघा. कंबरेत कळ येत असेल, जळजळ होत असेल, तर ओवा खात बसू नका, दाखवा. पाणी जड असेल तर उकळा, गाळा, पण प्या. डॉक्टर नको म्हणतील, तो दिवस यायच्या आधी प्या.

आता आमच्या नळाला गोडं पाणी आलंय. डाळ शिजते, साबणाला फेस येतो. भाभी अधूनमधून विचारपूस करायला येते. मी आधी भरलेला पेला पुढं करतो.

"प्यास नहीं है, भाईसाब."

"पियो, भाभी."

आणि पेला रिकामा होईपर्यंत मी तिथंच उभा राहतो. ती पिते.