सरळ फाटणारा आवाज

टिकाराम नंदेश्वर यांनी पहिल्यांदा मेटल संगीत ऐकलं तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं, आणि त्यांना वाटलं, ॲम्प बिघडला.

झालं असं, की सेक्टर सहामधला एक कॉलेजचा मुलगा बाहेरच्या देशातला गिटार ॲम्प स्कूटरवर पायाशी ठेवून त्यांच्या कुरुदच्या घरी आला. ॲम्प बंद पडला होता. भिलाईत तो उघडायला कोणी तयार नव्हतं, कारण आत व्हॉल्व्ह होते. काचेच्या लहान बाटल्यांसारखे, तापले की आतून नारिंगी दिसणारे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांनी ते आयुष्यात पाहिले नव्हते.

टिकाराम काकाजींसाठी मात्र ती जुनी ओळख होती. स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल शॉपमध्ये त्यांची नोकरी मोटारी दुरुस्त करण्याची, पण चौदा एप्रिल जवळ आला की ते भीमगीतांच्या पार्टीचे साउंडवाले होत. व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर आणि लोखंडी भोंगे घेऊन दुर्गपासून गोंदियापर्यंत हिंडत. गायकाचा आवाज मैदानातल्या शेवटच्या बाईपर्यंत गेला पाहिजे आणि तो फाटता कामा नये, या एका गोष्टीसाठी त्यांनी तीस वर्षं भोंग्याच्या बाजूला उभं राहून काढली.

मुलाचा ॲम्प दोन दिवसांत सुरू झाला. त्यानं गिटार जोडली, गेनचं, म्हणजे सिग्नल ताणून आवाज फाडणारं, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि हात मारला. काकाजींनी झेप घेऊन स्विच बंद केला आणि अजून फॉल्ट आहे म्हणून त्याची माफी मागितली. मुलानं समजावलं की फॉल्ट नाही, हा असाच फाटायला पाहिजे.

ही गोष्ट काकाजी आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. "तीस वर्षं आवाज फाटू नये म्हणून मी मेलो, अन् हे पोट्टे हात जोडून म्हणतात, काकाजी, अजून फाडा."

पण माणूस जिद्दी. फाडायचाच आहे तर नीट फाडू, म्हणून ते त्या आवाजाच्या मागे लागले. रिटायर झाल्यावर तर रोज. सहा-सात वर्षांत त्यांचं नाव रायपूरपर्यंत गेलं. बिलासपूरची पोरं गाडीच्या डिक्कीत ॲम्प टाकून येऊ लागली. त्यांच्या व्हरांड्यात एक लाकडी टेबल, एक मोठा स्पीकर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्या फोटोखाली केसांचा बुचडा बांधलेला कोणी तरी तरुण आपल्या ॲम्पचा निकाल ऐकायला भाविकासारखा बसलेला.

निकाल द्यायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी ते गेन अर्ध्यावर आणत. इथेच गिटारवाल्याचा चेहरा पडे, कारण प्रत्येकाला वाटतं की गेन जितका जास्त तितका आवाज भारी. मग ते जाडी तार तळहातानं दाबून वाजवायला सांगत, ढग्-ढग्-ढग्, आणि मध्येच एकदम थांबायला. आवाज किती मोठा आहे, हे ते ऐकतच नसत. तो थांबतो कसा, हे ऐकत. चांगला ॲम्प हाताबरोबर थांबतो. वाईट ॲम्पचा खालचा सूर मागून लोंबकळत येतो.

"नवं मांजरपाट फाडलं का कसा एका रेषेत फाटते?" ते विचारत. "तसा फाटला पाहिजे. तुह्या ॲम्पमधी कुजकी चिंधी फाटून राहिली."

मी रसमड्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाची यंत्रं, बघतो, त्यामुळे ही चिंधी मला सर्किटमध्ये दिसे. सिग्नल फाटण्याआधीच त्यातला खालचा जाडेपणा कमी केला नाही, तर पुढचे टप्पे त्या जाडेपणालाच फाडत बसतात आणि सगळ्याचा चिखल होतो. काकाजी पहिल्या टप्प्यातला एक कपॅसिटर काढून लहान बसवत, मधल्या सुरांचं बटण वर करत, आणि चिखलातून दगड वर यावा तशी गिटार वर येई. हे करताना त्यांचा डावा हात कायम पॅन्टच्या खिशात. आत साडेचारशे व्होल्ट असतात. दोन्ही हात आत घातले तर करंट एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीतून जातो. डावा हात खिशात, उजवा कामावर, आणि कान स्पीकरकडे.

प्रश्न कानाचाच उभा राहिला.

करिष्मा रामटेके आमच्या बँडची गिटारवाली. तिचे आजोबाही भंडाऱ्याकडून प्लांटमध्ये आलेले, त्यामुळे काकाजींच्या घरी तिला नातीचा मान. बंगळुरूहून जुना घेतलेला तिचा शंभर वॉटचा ॲम्प काकाजींनी दिवाळीनंतर लावून दिला. आम्ही तो दुर्गच्या एका कॉलेजात वाजवला आणि पुढच्या दोन रांगा उठून मागे गेल्या. साउंडवाला म्हणाला, गिटार है कि दाँत का ड्रिल? करिष्माला वाटलं, हॉल खराब असेल. मग जामुलच्या अभिनवचा फोन आला. हा सिमेंटच्या कारखान्यात क्लार्क आणि घरी ब्लूजप्रेमी. त्याचाही ॲम्प काकाजींकडून आल्यापासून कानात सुई घालत होता.

दोन ॲम्प, दोघांचे कान, तक्रार एकच. आणि काकाजींना हे सांगायचं कोणी? या माणसाची सगळी ओळख म्हणजे त्याचा कान. तो चुकतो म्हणायचं, तर त्यांच्याकडे उरतं काय? पण पुढच्या रविवारी सिव्हिक सेंटरला आमचा कार्यक्रम होता. शेवटी बुधवारी दुपारी करिष्मा आणि मी ॲम्प उचलून कुरुदला गेलो.

तिनं फार जपून विषय काढला. वरचे सूर थोडेसे, म्हणजे अगदी थोडेसेच, टोचतात. काकाजी हसले. आजकालच्या पोरांना मोबाइलचा भुसा ऐकायची सवय, त्यांना धार सहन होत नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी बसा, दाखवतो, म्हणाले. करिष्मा वाजवू लागली. काकाजी नेहमीसारखे आमच्याकडे पाठ करून ॲम्पपुढे वाकले आणि उलट प्रेझेन्सचंच बटण वर नेऊ लागले. हे बटण सगळ्यात वरच्या, बारीक सुरांचं. सहा. सात. आठ.

आठवर ॲम्प किंचाळला.

ते गिटारचं वाजणं नव्हतं. करिष्मानं तारांवरून हात कधीच उचलला होता. आतल्या आत सिग्नल गोल फिरून ॲम्प स्वतःच शिट्टी मारत होता, काचेवर खिळा ओढावा तशी बारीक, सलग. मी दोन्ही कानांत बोटं घातली. करिष्मानं डोळे मिटले. गेटजवळ झोपलेलं कुत्रं उठून रस्ता ओलांडून गेलं. शेवंताकाकू कणकेच्या हातांनी कान झाकायचा प्रयत्न करत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

काकाजी वाकलेलेच होते. त्यांनी बटण अजून एक केसभर वर नेलं आणि थांबले. मग आमच्याकडे न बघता समाधानानं म्हणाले, "वाजव ना बाई. थांबली कावून?"

गिटार वाजली नाही. म्हणून ते वळले. माझी बोटं कानांत होती, ती काढायला हवी होती हे मला उशिरा सुचलं. त्यांनी मला पाहिलं, करिष्माला पाहिलं, काकूंच्या गालावर लागलेली कणीक पाहिली. मग ॲम्पकडे बघितलं, जणू तो काही बोलेल. स्विच बंद केला. आमचे खांदे खाली आले, तेही त्यांनी पाहिलं.

"काय वाजून राहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी सांगितलं. काकूंशिवाय कोणाची छाती नव्हती. "शिटी, अजी. कुत्रं पळालं."

काकाजी खुर्चीवर बसले. मग मला म्हणाले, "तुह्या मोबाइलमधी ते सूर काढायचं असते ना? लाव बरं. मोजून पाय."

मी लावलं. पाठ करून त्यांनी ऐकायचं आणि ऐकू आलं की हात वर करायचा. एक हजार हर्ट्झवर हात झटकन वर गेला. दोन हजारांवरही. तीन हजारांवर विचार करून, निम्मा. चार हजारांवर त्यांनी विचारलं, लावलं का? पाच हजारांवर त्यांनी काहीच विचारलं नाही. सहा हजार मी लावलाच नाही, पण लावला म्हणून सांगितलं. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यानं असं करू नये.

तीस वर्षं भोंग्याच्या बाजूला उभं राहण्याची ही वजावट होती. त्यात वय मिसळलं. वरचा सूर जसजसा त्यांच्या कानातून उतरत गेला तसतसे ते बटण वर नेत गेले, आणि त्यांना मात्र ॲम्प अगदी पूर्वीसारखा ऐकू येत राहिला.

आम्ही ॲम्प तिथेच ठेवून घरी आलो. गुरुवारी काकूंचा फोन, की यांनी टेबलावर चादर टाकली आहे आणि आलेल्या दोघांना परत पाठवलं आहे. शुक्रवारी फोन, की चादर अजून आहे आणि माणूस तीनदा चहा मागतो पण पीत नाही. ॲम्प उचलून आणणं सोपं होतं. प्रेझेन्स खाली करून करिष्मा रविवार निभावू शकली असती. पण ती शिट्टी आत होती. स्टेजवर मोठ्या आवाजात ती खालच्या आकड्यावरही निघाली असती. आणि ती काढू शकणारा भिलाईत एकच माणूस चादरीसमोर बसला होता.

शनिवारी सकाळी करिष्मा गेली, मी सोबत. मला वाटलं होतं ती गोड बोलेल. ती व्हरांड्यात शिरली, चादर ओढून घडी घातली आणि म्हणाली, "काकाजी, कल शो है. शिटी कुठून येते ते तुमाले मालूम हाय की नाई?"

"मालूम हाय," काकाजी चिडून म्हणाले. "इनपुटचा वायर आउटपुटच्या जवळून चालला. सरकवा लागते. पण किती सरकवू? केसाकेसानं सरकवा लागते अन् शिटी गेली का थांबा लागते. मले ऐकू येते का ते? सांग."

"मले येते."

"तं तू सरकव. मर साडेचारशे व्होल्टनं."

"हात तुमचा," करिष्मा म्हणाली. "कान माहा."

 काकाजी उठून काकूंच्या विणकामाच्या डब्यातून बांबूची, करंट न नेणारी, एक काडी घेऊन आले.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा टेबल फिरवून घेतलं. आजवर पाठ आमच्याकडे असायची. आता ॲम्पच्या मागे ते आणि समोर करिष्मा. ॲम्प उघडा, सुरू, आठवर. शिट्टी लागली. डावा हात खिशात घालून काकाजींनी उजव्या हातातल्या काडीनं पिवळा वायर ढकलला आणि वायरकडे न बघता करिष्माच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिच्या भुवया जवळ आलेल्या. वायर थोडा डावीकडे. भुवया अजून जवळ. म्हणजे चुकलं. उजवीकडे, पत्र्याला चिकटवून. भुवया सैल झाल्या, डोळे उघडले. काडी तिथेच थांबली.

मग प्रेझेन्स. करिष्मा वाजवत होती आणि ते आठवरून खाली येत होते, तिच्या तोंडावरून नजर न हलवता. तीनवर ती आपोआप मान डोलवू लागली आणि आपण बटण ऐकतो आहोत हे विसरून गाणंच वाजवू लागली. काकाजींनी हात काढून घेतला.

"मले तं मेला वाटते आवाज," ते मला हळूच म्हणाले. "पार मेला." हात पुन्हा बटणाकडे गेला नाही.

रविवारी पुढच्या रांगा जागेवर बसून राहिल्या. एवढंच लिहितो, कारण बाकी त्या कार्यक्रमात आमच्या ड्रमर अतुलच्या ड्रमचं स्टँड दोनदा पडलं.

नंतर व्हरांड्यात नवा नियम सुरू झाला. ॲम्प घेऊन यायचा तर एक धड कान सोबत आणायचा, आणि तो कान गिटारवाल्याचा नको, कारण गिटारवाल्याला स्वतःचं सगळंच गोड लागतं. थांबणं, जाडेपणा आणि गेन यांचा निकाल अजून काकाजींचाच. तिथे ते कोणाचं ऐकत नाहीत. त्याच्या वरचं काही आलं की ते मोकळेपणानं सांगतात, हे मले ऐकू येत नाही. पहिले काही दिवस हे सांगताना ते घसा खाकरत. आता खाकरत नाहीत.

परवा अभिनव आला. सोबत बायकोला, प्राचीला, घेऊन आला होता, कारण दुसरं कोणी मोकळं नव्हतं. प्राचीला गिटार मुळीच आवडत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली साडेतीन तिनं दार लावून घेतलेल्या खोलीबाहेर काढली, हे तिनंच चहा पिताना सांगितलं. अभिनव ओशाळला. दुसऱ्या कोणाला तरी आणतो म्हणाला.

काकाजींनी त्याला गप्प बसवलं आणि प्राचीसाठी खुर्ची स्पीकरसमोर मांडली. इतका खरा कान या व्हरांड्यात आजवर आला नव्हता, असं ते म्हणाले. अभिनवनं वाजवायला सुरुवात केली. प्राचीचं तोंड आधीच वाकडं. काकाजी बटणावर हात ठेवून, चष्मा नाकावर घेऊन, ते तोंड कधी सरळ होतं याची वाट बघत वाकले.