गुरं घरी यायचा टायम

लग्नाचा टायम तोंडानं सांगावा तर मीच, अख्ख्या कळमनुरी तालुक्यात माह्यासारखा दुसरा न्हवता. मला घड्याळ कळत न्हवतं, आन् पत्रिका उलटी धरली तरी सरळच वाटायची.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. माह्या बहिणीचं लगीन ठरलं. हिंगोलीहून पत्रिका छापून आल्या. त्यात 'गोरज मुहूर्तावर' असं लिव्हलंय म्हणे. पण खेड्यात वाचतंय कोण? मी अक्षता घेऊन घरोघर जायचो आन् पत्रिका हातात देऊन टायम तोंडानं सांगायचो. जवळा बाजारच्या सोयऱ्यांना म्हणलं, बाजार उठतो त्या वक्ताला या. नदीकाठच्यांना म्हणलं, बगळे झाडावर बसायच्या वक्ताला. मामाचं गाव डोंगराखाली. तिथं म्हणलं, मामा, तुमची गुरं घरी येतेत ना, बराबर तवाच अक्षता पडतील. सांगून झालं की माझं मलाच ग्वाड वाटायचं.

लग्नाच्या दिवशी ऊन कललं तवा मनियार चाचा बायांना बांगड्या भरून राहिले व्हते. ते मामाच्या गावाला नेहमी फिरायचे. सहज बोलले, तिथली गुरं उन्हाळ्यात डोंगरात लांब जातेत, दिवे लागल्यावर घरी येतेत.

मामाला तर मी त्याच्याच गुरांचा टायम सांगितला व्हता. आमच्यात मामानं हात धरून आणल्याबिगर नवरी बोहल्यावर चढत न्हाई. मामा दिवे लागल्यावर आला तर मुहूर्त गेला, आन् नवरदेवाकडचे उठून चालले.

जोशीबुवांचा नेम असा, की वेशीत गुरांची धूळ दिसली की मंगलाष्टकं. मी मनात म्हणलं, गुरंच आली न्हाईत तर मुहूर्त जाईल कसा? तसाच फेटा सांभाळत वढ्याकडं पळालो आन् आमच्या गावच्या गुराख्याला अडवलं. तो म्हणला, काहून? मी म्हणलं, नवरीचा भाऊ सांगून राहिला, थांब.

गुरं पाण्यात उभी राहिली. पाणी तांबडं झालं, त्यात शिंगं हालून राहिली. गावातून सनई यायची, मधीच वाऱ्यावर निघून जायची. धूळ उडायची, पण खाली बसायची न्हाई, तशीच पिवळी होऊन लटकून राहायची. एक वासरू माह्या फेट्याचा शेव चघळत व्हतं. मला वाटलं, आजचा दिवस मीच दाव्याला बांधून ठेवला. डोंगराच्या वाटंकडं बघत बसलो. मामाची गाडी कुठं दिसंना. बघता बघता मी कशाला आलो तेच इसरलो.

मंग एक पांढरी गाय कटाळली आन् गावाकडं निघाली. तिच्यामागं सगळी निघाली. मी हात आडवे करून उलट्या पावलानं चाललो, तरी गुरांनी मला ढकलत ढकलत वेशीतून आत आणलं.

धुळीत मांडव हळूहळू दिसाया लागला. सगळं वऱ्हाड वेशीकडं तोंड करून उभं, मुठीतल्या अक्षता घामानं भिजलेल्या. आन् मधात बहिणीचा हात धरून मामा.

मी म्हणलं, मामा, तुमी कवा आले?

"दुपारीच, मागल्या दारानं. टायम तू सांगितला, म्हणून मी सकाळीच गाडी जुंपली," मामा म्हणला. "आता बाजूला सरक, जोशीबुवाला गुरं दिसू दे."