ऑर्व्हलचा अंगठा

“डोळ्यांवर जाऊ नका, अंगठ्याला विचारा,” असं ऑर्व्हल स्टेनरूड नावेत बसणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. त्याहून जास्त तो दिवसभरात क्वचितच बोलत असे.

गळ टाकायला आलेल्या लोकांना नेस्किन नदीवर नावेतून फिरवणं हा त्याचा धंदा. वसंतात वरच्या खडकाळ भागात ट्राउट मासे, उन्हाळ्यात खालच्या कोमट डोहांत बास. पण तो जगायचा हिवाळ्यासाठी. पावसानं नदी चढते, मग थोडी ओसरून बाटलीच्या काचेसारखी हिरवी होते, आणि समुद्रातून स्टीलहेड वर येऊ लागतात. ते ट्राउटचेच भाऊबंद, पण समुद्र बघून आलेले.

त्यांतले काही सरकारी हौदात वाढलेले असतात. नदीत सोडण्याआधी त्यांचा शेपटीअलीकडचा, पाठीवरचा इवलासा मऊ पर कापून टाकतात. तो पर नसेल तर मासा घरी न्यायचा, खायचा. असेल तर तो मासा नदीचा, आणि त्याला पाण्याबाहेरही न काढता सोडून द्यायचं. पहाटेच्या धुक्यात डोळे फसतात, म्हणून ऑर्व्हल बर्फगार पाण्यात हात घालून माशाच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा. त्या वेळी त्याचा चेहरा आजाऱ्याची नाडी बघणाऱ्यासारखा व्हायचा. हे तो तरुणपणापासून करत आला होता.

माझं हॉटेल धक्क्यालगत आहे. नावाडी उजाडायच्या आत कॉफीला येतात आणि आपापली लाकडी चकती भिंतीवरच्या फळीवर लावतात. नदीच्या कुठल्या टप्प्यात कोण, ते त्यावरून कळतं आणि एकाच्या पाण्यात दुसरा घुसत नाही. दाराजवळ मात्र एक वेगळा खिळा आहे. नदीचा मासा ज्याच्या हातून मारला जाईल, त्याची चकती त्या खिळ्यावर जाते. पुढच्या हिवाळ्यात तो ती काढून घेतो आणि पुन्हा नावेत बसतो. हा नियम ऑर्व्हलचा. बऱ्याच वर्षांपूर्वी डेल प्रुएट या नावाड्याची चकती त्यानेच तिथे टांगली होती. डेलची बायको तेव्हा गरोदर होती. डेलने तो हिवाळा लाकडाच्या गिरणीत काढला. पुढे तो ऑर्व्हलशी बोलू लागला, पण त्याच्या टेबलाशी कधी बसला नाही.

या जानेवारीत एका दुपारी तो बसला. हॉटेलात दुसरं कुणी नव्हतं. ऑर्व्हल नुकताच धक्क्यावर उतरला होता, आणि नाव ओढायला डेलने हात लावला होता. मासा ठेवायच्या पेटीत एक मोठी मादी होती. ऑर्व्हलनेच डोक्यात दांडका घालून तिला मारलं होतं. तिच्या पाठीवर पर होता.

“मी अंगठा फिरवला होता,” ऑर्व्हल म्हणाला. “काही लागलं नाही.”

“गारठ्यात कुणालाही लागत नाही. आणि आता तो पर नाहीच आहे. तू नाव बांधत होतास तेव्हा मी सुरीने काढला.”

“ताजी जखम आहे ती.”

“कोण बघतंय? तुझी गिऱ्हाइकं तिला पोर्टलंडला नेऊन, भाजून, फोटोसुद्धा काढतील.” डेल हसला. “तुला पकडायची वाट बघण्यात माझे केस पिकले, म्हाताऱ्या. सापडलास, तर आता मजाच येईना.”

ऑर्व्हलने विचारलं की मादीच्या पोटात अंडी होती का. डेलने खाली बघतच होकारार्थी मान हलवली.

मी बटाटे आणि अंडी लोखंडी तव्यासकट आणून त्यांच्यामध्ये ठेवली, आणि जपून, तवा पोळेल, असं म्हणाले. ऑर्व्हलने मान हलवली आणि तवा आपल्याकडे ओढून घेतला. अंगठा काठावर टेकलेला होता. तो तसाच राहिला. ऑर्व्हल खिडकीतून नदीकडे बघत होता. मला आधी वास आला. डेलने झडप घालून त्याचा हात मागे ओढला तेव्हा कातडी पांढरी पडली होती.

मी ओलं फडकं आणलं. ऑर्व्हलने ते घेतलं नाही. दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी, तसा तो त्या अंगठ्याकडे बघत होता. मग त्याने तर्जनीने अंगठ्यावर टोचून पाहिलं, एकदा, आणखी एकदा.

“या हिवाळ्यात किती सोडले मी, डेल?” तो म्हणाला. “आणि किती मारले?”

डेल म्हणाला की बाकीच्यांना हे सांगायचं काही कारण नाही, फार तर एक हिवाळा विश्रांती घे.

ऑर्व्हल उठला. त्याने फळीवरची आपली चकती काढली. दाराजवळच्या खिळ्यापाशी तो थांबला, आणि मला वाटलं, तो ती तिथेच टांगणार. डेललाही तसंच वाटलं असावं, कारण तो खुर्चीत जरा सैल झाला. खिळ्यावरची चकती पुढच्या हिवाळ्यात परत निघते.

ऑर्व्हलने चकती कोटाच्या खिशात टाकली, दार उघडलं, आणि बाहेर निघून गेला.