शेवटच्या बोटीची वेळ

मर्व्हिन पास्को गेल्याचं परवा कळलं. त्याला एक गोष्ट सांगायची होती, ती नऊ वर्षं माझ्याकडेच राहिली.

ऑकलंडच्या बंदरालगतच्या ऑफिसात आम्ही सातजण एका बोट कंपनीची वेबसाइट सांभाळायचो. मर्व्हिन सगळ्यांत म्हातारा आणि सगळ्यांत हट्टी. आधी तो छापखान्यात खिळे जुळवायचा, त्यामुळे एकच मजकूर दोनदा जुळवायचा त्याला मनापासून राग. एकच लॉजिक दोन पानांना लागत असेल, तर ते एका जागी लिहायचं आणि दोघांनी तिथूनच वापरायचं, हा त्याचा नियम. कोडचा तुकडा उचलून दुसरीकडे चिकटवताना कोणी सापडलं, की त्याने सगळ्यांना बेकरीतले चीज स्कोन, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव, आणायचे.

आज कोणतं वेळापत्रक, शेवटची बोट कितीला, हे ठरवणारा तुकडा त्यानेच लिहिला होता. पाच पानं त्यावर चालायची. एका शुक्रवारी मला फोनवर शेवटच्या बोटीची वेळ दाखवणारी छोटी पट्टी करायची होती. त्यासाठी त्या तुकड्यात जरासा बदल हवा होता. मर्व्हिनला सांगितलं असतं, तर त्याने आधी चहा ओतून घेतला असता आणि मग तासभर प्रश्न विचारले असते. मी सरळ तुकडा उचलला आणि चिकटवला. नंतर जोडू म्हटलं. आळशाचं नंतर कधी उजाडतं का?

"डेला, झालंसुद्धा?" त्याने विचारलं.

"झालं की. तुझ्याच तुकड्यावर चालतंय."

"शहाणी झालीस म्हणायची. बुडाले आमचे स्कोन."

नोव्हेंबरात त्याला एक चूक सापडली. जानेवारीत ऑकलंडच्या वर्धापनदिनाची सुट्टी सोमवारी येते, पण बोटी रविवारच्या वेळेने धावतात; तुकडा मात्र तो साधा सोमवार धरायचा. त्याने आपला तुकडा दुरुस्त केला आणि पाचही पानं सुधारली. माझी पट्टी तशीच राहिली. मला तिची आठवणही झाली नाही.

मर्व्हिनची बहीण नोला बेटावर एकटी राहायची, आजारी होती. नेमक्या त्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तिच्या शेजारणीचा फोन आला, लगेच ये, आता फार वेळ नाही. मर्व्हिनने फोनवर माझी पट्टी पाहिली, शेवटची बोट सहाची दिसत होती. एरवी त्याने धक्क्यावर विचारलं असतं, पण ही सुट्टी त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्त केली होती. नोलाला आवडायचे ते पीच घेत घेत तो पाचला धक्क्यावर पोचला. शेवटची बोट साडेचारलाच सुटली होती. सकाळच्या बोटीने तो गेला तेव्हा नोला नव्हती.

आठवड्याने तो कामावर आला, तो स्कोनचा डबा घेऊन.

"कोण सापडलं रे, मर्व्ह?" आमच्या सातातल्या पीटाने हसत विचारलं.

"मीच. पट्टीत जुना तुकडा राहिला होता. काढला आज सकाळी."

आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. ओळी काढताना त्याने माझं नाव वाचलंच असणार. डबा त्याने पहिल्यांदा माझ्यापुढे धरला.

"घे, डेला. गरम आहेत."

मी चिकटवलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. सगळे बघत होते. मी एक स्कोन घेतला आणि खाल्ला.