कौशल्याच्या मानेतली रक्तवाहिनी

कर्वेनगरात आमच्या शेजारी कौशल्या पोळी-भाजी केंद्र चालवते. कणीक मळून मळून तिची मान आखडली, तेव्हा तिचे यजमान उत्तरेश्वरराव तिला एका मान मोडून देणाऱ्याकडे घेऊन गेले. त्यानं कडकन आवाज काढला आणि तिला बरं वाटलं. दोन दिवसांनी तव्यासमोरच तिला गरगरलं, पोळी उलथायला हात वळेना. मी रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात नेलं.

तपासणीत कळलं, मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटली होती. अशा जागी रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. एक लहानशी अडकली होतीच.

डॉक्टर हे सगळं पडद्याबाहेर बापलेकांना सांगत होते. मुलगा दिग्विजय म्हणे, आजच स्टेंट टाका, विषय संपवा. उत्तरेश्वरराव म्हणे, ज्यानं मान मोडली तोच नीट बसवून देईल. दोघांची जुंपली. मी आत तिच्या उशाशी बसून मनात रामरक्षा म्हणत होते. कौशल्यानं चालत्या हातानं पडदा सरकवला.

"डॉक्टर, फाटलंय माझं. आणि सांगताय यांना."

"आई, तू पडून राहा," दिग्विजय म्हणाला.

"पडूनच ऐकणार आहे. कान नाही फाटले."

डॉक्टर स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. बहुतेकांची जखम रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर काही महिन्यांत भरून येते, म्हणाले. मात्र रक्त वाहू लागलं तर लवकर थांबत नाही, तेवढं जपायचं. गोळ्या चालू असतानाही पुन्हा झटका आला, तर जांघेतून तार नेऊन स्टेंट बसवायचा. धोका त्यातही आहेच. मानेला हिसका मात्र पुन्हा कधीच नाही.

"मग आधी गोळ्या. स्टेंट कुठं पळून जात नाही."

"आणि काही झालं म्हणजे?" उत्तरेश्वरराव पुटपुटले.

"झालं तर माझं ऐकून होईल. या वेळी तुमचं ऐकून झालंय."

घरी येऊन मी दिवा लावला. देवालाही म्हटलं, तिचंच ऐक.

तिनं विळी माझ्या हवाली केली, पिठाचे डबे दिग्विजयला उचलायला लावले. गोळी एकही चुकवली नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन झालं. आत बोलावल्यावर उत्तरेश्वररावही उठले. "या," ती म्हणाली, "पण ऐकायला."

फाटलेली जागा बरीचशी भरली होती. डॉक्टर तिच्याकडे बघून बोलत होते. मध्येच उत्तरेश्वररावांनी काही विचारायला तोंड उघडलं, थांबले, तिच्याकडे पाहिलं.

"विचारा," कौशल्या म्हणाली.