सावधान, रंग ओला आहे

शिडीवर उभा राहून मी ‘सावधान’मधल्या शेवटच्या अक्षरात लाल रंग भरत होतो, तेवढ्यात खाली गौतमभाऊ चहा घेऊन आले. समोरची पिठाची गिरणी त्यांची. महिन्यापूर्वीच सुरू झालेली. तिचा बोर्डही माझ्याच हातचा.

“पेंटर, च्या घ्या. काय लिवताय आमच्या म्होरं?”

मला सांगता येईना. लिहायच्या मजकुराला आम्ही मॅटर म्हणतो. पेंटर मॅटर वाचत नाही, मोजतो. अक्षरं किती, भिंत पुरेल का. मी तर पिंपरी पेंढारातला स्वयंघोषित कलाकार. अर्थ बघणं कारकुनाचं काम, असं ऐटीत सांगायचो.

खिशातला कागद काढून पहिल्यांदा वाचला. ‘सावधान. समोरच्या गिरणीत दळण नेऊ नका. आपलं पीठ बाटवू नका.’ गौतमभाऊंचं घर बौद्ध, एवढाच गिरणीचा गुन्हा.

लाज वाटली. पण भिंत खतदुकानवाल्या बाळूभाऊंची, आणि निवडणुकीच्या सगळ्या भिंती मला त्यांच्याकडूनच मिळायच्या. “काय नाय, असंच,” म्हणून कप परत दिला.

गौतमभाऊ गेले आणि बाळूभाऊ आले.

“सकाळधरनं एकच शब्द?”

“फुडचं मला नाय जमायचं, भाऊ. खाली माझी सही असती.”

“मग सही करू नका.”

“सहीबिगर मी मुतारीचा बोर्डबी सोडला नाय.”

“ऱ्हाऊ द्या. दुसरा पेंटर आणतो.”

त्यांची पाठ वळल्यावर मी खालच्या रिकाम्या ओळीत ‘रंग ओला आहे’ लिहिलं आणि सही ठोकली. दुसरं काही सुचलंच नाही. पण दुसऱ्याची सही असलेल्या भिंतीला विचारल्याशिवाय ब्रश लावायचा नाही, असा आमच्या पेंटर लोकांत रिवाज. मंचरचा आणि नारायणगावचा, दोघे पेंटर मला विचारायला आले. दोघांना मॅटर वाचायला लावलं. दोघेही परत गेले.

निवडणुकीची एकही भिंत मला मिळाली नाही. गिरणी मात्र चालली. दळणाला आलेली माणसं पुढे कित्येक वर्षं त्या अक्षरांना बोट लावून म्हणायची, “लई दिवस वाळंना राव तुमचा रंग.”

एकदा गौतमभाऊ म्हणाले, “काय लिवणार ते मला आदीच ठावं व्हतं. म्हणून तर च्या आणला.”

म्हणजे मॅटर न वाचलेला मी एकटाच होतो. तेव्हापासून आधी वाचतो, मग मोजतो.